‘नास्तिक’ : एका शब्दाचे ओझे



नाव ठेवणे आणि नावे ठेवणे, या दोन क्रियांमध्ये मराठी भाषेने अवघ्या एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिली क्रिया बारशाच्या दिवशी आटोपते. दुसरी मात्र माणसाच्या अखेरच्या श्वासापर्यंत आणि कित्येकदा त्यानंतरही चालू राहते. ‘सुधारक’, ‘सनातनी’, ‘प्रतिगामी’, ‘पुरोगामी’, ‘बाटगा’, ‘नास्तिक’ ही सारी याच दुसऱ्या क्रियेची अपत्ये आहेत. अशा शब्दांचा एक मोठा सोयीचा गुण असतो. तो शब्द एकदा उच्चारला की समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याचे कष्ट उरत नाहीत.

यांपैकी ‘नास्तिक’ या एका शब्दाचा आज विचार करावयाचा आहे. भारतासारख्या बहुतांशी श्रद्धाळू समाजात हा शब्द कोणाला लावला जातो, का लावला जातो, आणि तो लावल्याने लावणाऱ्याचे व लावून घेणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १२१ कोटी लोकसंख्येपैकी ज्यांचा धर्म नोंदविला गेला नाही, अशांची संख्या सुमारे २८ लाख ६७ हजार, म्हणजे ०.२४ टक्के इतकी होती. स्पष्टपणे ‘नास्तिक’ अशी नोंद करविणारे तर देशभरात ३३ हजारांच्या आसपास निघाले आणि त्यांतील साडेनऊ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. एवढ्या मोठ्या देशात देवाविषयी साशंक असलेली माणसे एवढीच असतील, हे कोणालाही पटणार नाही. आकडा लहान आहे, याचा अर्थ शब्द जड आहे. मनात असलेली गोष्ट प्रगणकाच्या कागदावर उतरविताना हात आखडतो.

शब्दाचा प्रवास

हा शब्द मुळात शिवी नव्हता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, चौथ्या अध्यायात, ‘आस्तिक’, ‘नास्तिक’ आणि ‘दैष्टिक’ हे तीन शब्द एकाच सूत्राने सिद्ध केलेले आहेत. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि सर्व काही दैवाधीन मानणारा तो दैष्टिक. वैयाकरणाने तिघांना एका ओळीत बसविले. कोणाला पाट दिला आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, असे काही केले नाही. ‘आहे’ म्हणजे काय आहे? काशिकाकारांनी त्याचे उत्तर ‘परलोक’ असे दिले. ईश्वराचा उल्लेख तेथे नाही.

पुढे मनुस्मृतीने नास्तिकाची ओळख वेदनिंदक अशी करून दिली, आणि तर्काच्या बळावर श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्यास सज्जनांनी बहिष्कृत करावे, असेही सांगितले. शब्दात दंडाची धार शिरली ती अशी. परंतु येथेही कसोटी ईश्वराची नाही, वेदप्रामाण्याची आहे. म्हणूनच आपल्या दर्शनपरंपरेत आधुनिक वाचकास चक्रावून टाकणारी स्थिती दिसते. सांख्यदर्शनात जगत्कर्त्या ईश्वराला स्थान नाही, तरी ते आस्तिक दर्शन. पूर्वमीमांसेचे दिग्गज आचार्य कुमारिल भट्ट यांनी वेदांचे अपौरुषेयत्व राखण्यासाठी जगाचा कोणी एक कर्ता आहे ही कल्पनाच खोडून काढली, आणि तेच कुमारिल आस्तिकांचे अग्रणी मानले गेले. उलट, तप, अहिंसा आणि अपरिग्रह यांचा पराकोटीचा आचार सांगणारे जैन दर्शन मात्र नास्तिकांच्या यादीत गेले.

या यादीलाही सर्वांची संमती नव्हती. आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले जैन आचार्य हरिभद्र यांनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ लिहिला, त्यात बौद्ध आणि जैन या दर्शनांना न्याय, वैशेषिक, सांख्य आणि मीमांसा यांच्या पंक्तीला आस्तिक म्हणूनच बसविले. लोकायत तेवढे वेगळे काढले. म्हणजे यादी कोण करतो, यावर यादीतील नावे ठरत होती. आपल्या काळात डॉ. आ. ह. साळुंखे यांनी तर चार्वाकावरील ग्रंथाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ असे नाव देऊन शब्दच उलटा करून दाखविला. त्यांची सारी मते मान्य असोत वा नसोत, शब्द किती लवचीक आहे हे त्या एका नावाने कळते.

शब्द घसरतात कसे, याची याहून बोलकी उदाहरणे आहेत. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ हा शब्द कोणत्याही पंथासाठी येतो, आणि सर्व पासंडांचा आदर करावा अशी राजाज्ञा तेथे आहे. तोच शब्द ‘पाखंड’ होऊन आपल्यापर्यंत आला तो ढोंग आणि दुर्मत या अर्थाने. त्याच सम्राटाची ‘देवानांप्रिय’ ही पदवी पुढील संस्कृत वैयाकरणांच्या हाती ‘मूर्ख’ या अर्थाची झाली. राजाची पदवी जेथे शिवी होऊ शकते, तेथे एका दार्शनिक संज्ञेची काय कथा!

जाबाली आणि चार्वाक

या परंपरेची दोन मुखे आहेत आणि दोन्ही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजेत.

वाल्मीकि रामायणाच्या अयोध्याकांडात जाबाली नावाचे ऋषी आहेत. पित्याला दिलेल्या वचनासाठी वनात राहण्याचे कारण नाही, परलोक कोणी पाहिला, असा रोखठोक युक्तिवाद ते साक्षात श्रीरामांपुढे करतात. श्रीराम त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतात, मग कठोर शब्दांत त्याचा धिक्कार करतात. त्यानंतर वसिष्ठ मध्ये पडतात आणि सांगतात की, जाबालींचे हे बोलणे रामांना परत नेण्याच्या ओढीतून आलेले आहे. संताप झाला, खंडन झाले. परंतु जाबालींचे सभेतील आसन गेले नाही, आणि ग्रंथकाराने त्यांचा युक्तिवाद ग्रंथातून गाळला नाही. शतकानुशतके हा संवाद रामकथेचा भाग म्हणून वाचला जात आहे.

दुसरे मुख महाभारताच्या शांतिपर्वात दिसते. युधिष्ठिर विजयी होऊन हस्तिनापुरात प्रवेश करतो, तेव्हा चार्वाक नावाचा एकजण पुढे येऊन ज्ञातिवधाबद्दल त्याचा निषेध करतो. तो दुर्योधनाचा मित्र व वेषांतर केलेला राक्षस होता, असे कथा सांगते. आणि तेथील ब्राह्मण केवळ हुंकाराने त्याला भस्म करतात. हा चार्वाक आणि लोकायत मताचा चार्वाक एकच की निराळे, याचा वाद पंडितांनी घालावा. सामान्य वाचकाच्या ध्यानात राहते ते एवढेच की, एकाला उत्तर मिळाले आणि दुसऱ्याला अग्नी. लोकायतांचे मूळ सूत्रग्रंथ आज हाती नाहीत. ऋण काढून तूप पिणारा असे त्यांचे जे चित्र प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते, ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून आलेले आहे. एखाद्याची ओळख केवळ त्याच्या प्रतिपक्षाकडून करून घ्यावी लागणे, ही शिक्क्याची परमावधी होय. तरीही चौदाव्या शतकात माधवाचार्यांना ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिताना चार्वाकाला टाळावेसे वाटले नाही, उलट त्याच्यापासूनच ग्रंथाचा आरंभ करावासा वाटला, हीसुद्धा आपलीच परंपरा आहे.

मग देवाच्या अस्तित्वाविषयीचे मत आणि माणसाची लायकी, यांची सांगड कोठे पडली? मूळ संज्ञेत परलोकाचा नकार होता, नंतर वेदांचा नकार आला, आणि अलीकडच्या काळात ईश्वराचा नकार हाच एकमेव अर्थ उरला. या तिन्ही अर्थांच्या खाली मात्र एक चौथी भीती दबा धरून बसलेली आहे. ज्याला देवाचे भय नाही त्याला कशाचेच भय नाही, तो खोटी साक्ष देईल, बुडवेगिरी करील, आईबापांना विचारणार नाही, ही ती भीती. समाज नास्तिकाला घाबरतो तो त्याच्या तत्त्वज्ञानामुळे नव्हे. त्याच्या वर्तनाची हमी कोण देणार, या चिंतेमुळे. ही चिंता क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. परंतु ती खरी की खोटी, हे अनुमानाने ठरवू नये. माणसे पाहून ठरवावे.

टेंभूचा अज्ञेयवादी

महाराष्ट्राने असा एक माणूस फार जवळून पाहिला आहे. गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये कराडजवळच्या टेंभू गावी जन्मले आणि १८९५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. दारिद्र्याशी झुंजत एम. ए. झालेल्या या तरुणाला सरकारी नोकरीचे दार उघडे होते. त्यांनी ते ओलांडले नाही. १८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यात ते सामील झाले, १८८१ मध्ये ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, कोल्हापूर प्रकरणी टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, डेक्कन एज्युकेशन सोसायटी व फर्ग्युसन महाविद्यालयाच्या उभारणीत राबले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि १८९२ पासून अखेरपर्यंत फर्ग्युसनचे प्राचार्य राहिले. प्रकृती दम्याने पोखरलेली आणि मिळकत बेताची, असा तो सारा संसार होता.

ईश्वर आहे असे सिद्ध करता येत नाही, म्हणून त्याविषयी अज्ञानच कबूल करावे, ही आगरकरांची भूमिका. तिला काटेकोरपणे अज्ञेयवाद म्हणतात. पुण्यातील गल्लीबोळांना एवढा काटेकोरपणा परवडणारा नव्हता. त्यांनी सरळ नास्तिक ठरवून टाकले, आणि त्यांची प्रेतयात्रा ते जिवंत असतानाच काढली. ज्याची अंत्ययात्रा निघाली, तो माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे वर्गात शिकवायला गेला असेल, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे.

आता ती भीती तपासावी. देव न मानणाऱ्या या माणसाने पैसा खाल्ला काय? शब्द मोडला काय? विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडले काय? त्यांच्या कट्टर विरोधकांनीही असा आरोप केला नाही. टिळक आणि आगरकर यांच्यातील वाद मराठी वृत्तपत्रसृष्टीतील सर्वांत कडवट वादांपैकी एक. मैत्री तुटली, संस्था दुभंगल्या. तथापि आगरकरांच्या निधनानंतर ‘केसरी’त मृत्युलेख लिहिताना टिळकांचे डोळे वाहत होते, ही आठवण महाराष्ट्राने जपून ठेवली आहे. गीतेवर भाष्य लिहिणारा माणूस अज्ञेयवाद्यासाठी रडला. मतभेदाची धार आणि माणसाची किंमत, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही रीत आहे.

देशभक्तांच्या पंक्तीत

श्रद्धाहीन माणूस त्यागाला तयार होत नाही, असाही एक समज आहे. त्याला भगतसिंगांनी परस्पर उत्तर देऊन ठेवले. लाहोरच्या तुरुंगात १९३० मध्ये त्यांनी आपण नास्तिक का आहोत, यावर निबंध लिहिला. तो त्यांच्या हौतात्म्यानंतर सप्टेंबर १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे निमित्त मोठे सूचक होते. प्रसिद्धीमुळे याला गर्व चढला आहे आणि त्या गर्वातून हा देव नाकारतो, असे काही सहकाऱ्यांना वाटले होते. म्हणजे फाशीच्या छायेत बसलेल्या तेवीस वर्षांच्या युवकालाही आधी शिक्का पुसावा लागला, मग मत मांडता आले. मृत्यूनंतर स्वर्ग नाही, पुनर्जन्म नाही, कोणतेही पारितोषिक नाही, हे जाणून त्यांनी दोर गळ्यात घेतला. भगतसिंगांच्या प्रतिमेला हार घालताना हे त्यांचे मत कोणाला आठवत नाही, आणि शेजारच्या मुलाला नास्तिक म्हणताना भगतसिंग आठवत नाहीत. दोन्ही विस्मृती सोयीच्या आहेत.

स्वातंत्र्यवीर सावरकरांचे उदाहरण तर अधिकच विचार करावयास लावणारे आहे. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदुत्व’ या ग्रंथात हिंदू कोण याची व्याख्या करताना त्यांनी ईश्वरावरील श्रद्धा ही अट घातली नाही. पितृभू आणि पुण्यभू यांची घातली. त्यामुळे वैदिक, जैन, बौद्ध, शीख, लिंगायत आणि देव न मानणारासुद्धा त्या व्याख्येत बसू शकला. रत्नागिरीत १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले त्यामागे सावरकरांची प्रेरणा होती, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकातून पोथीनिष्ठेवर प्रहार करणारे विज्ञाननिष्ठ निबंधही त्यांचेच. आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी करू नयेत, दुकाने बंद ठेवू नयेत, देह विद्युत्दाहिनीत द्यावा, अशी त्यांची इच्छा होती, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांचे दहन विद्युत्दाहिनीतच झाले. त्यांना मानणाऱ्यांच्या घरातील मुलाने उद्या श्राद्धाविषयी शंका विचारली, तर त्याला घराबाहेरचा ठरविण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सेवाग्रामातील पाहुणा

श्रद्धावानाने नास्तिकाशी कसे वागावे, याचा एक पाठ वर्ध्याजवळ सेवाग्रामला घडला. आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, ज्यांना सारे ‘गोरा’ म्हणत, यांना निरीश्वरवादी मतांपायी महाविद्यालयातील नोकरी गमवावी लागली होती. १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर गावी त्यांनी नास्तिक केंद्र स्थापन केले. पुढे ते विजयवाड्यास गेले. अस्पृश्यतानिवारण आणि सहभोजने हे त्यांचे काम. गांधीजींसारख्या रामनामात रंगलेल्या पुरुषाला हे मत रुचणारे नव्हते, आणि आरंभी त्यांनी तसे स्पष्ट कळविलेही. परंतु १९४४ च्या अखेरीस गोरा सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांचे म्हणणे ऐकले. पुढेही भेटी होत राहिल्या. गोरांनी आपल्या कन्येचा विवाह दलित युवकाशी ठरविला, तेव्हा तो सेवाग्राम आश्रमात व्हावा असे गांधीजींनी सुचविले, आणि विधीतील ईश्वराच्या नावाच्या जागी सत्याचे नाव घेण्यास संमती दिली. विवाहापूर्वीच गांधीजींची हत्या झाली. तरीही मार्च १९४८ मध्ये तो आश्रमातच पार पडला.

या प्रसंगात गांधीजींनी प्रार्थना सोडली नाही आणि गोरांनी नास्तिक्य सोडले नाही. दोघांनी मिळून एका मुलीचे लग्न मात्र लावून दिले. समाज चालतो तो अशाच गोष्टींवर.

कायद्याने काय केले?

शिक्का केवळ बोलण्यात राहिला तर मनाला लागतो. कायद्यात शिरला तर संसार मोडतो. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने हे प्रत्यक्ष करून दाखविले होते. त्या कायद्यान्वये नोंदणी विवाह करू इच्छिणाऱ्या वधूवरांना, आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे लागे. जातीबाहेर लग्न करावयाचे, एवढाच ज्यांचा अपराध, त्यांना आपण हिंदू नाही अशी कबुली देणे भाग पडे. मंदिरात जाणारी, व्रते करणारी माणसे कागदोपत्री निधर्मी झाली. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना परस्परांत विवाह करताना धर्म नाकारण्याची सक्ती उरली नाही. १९५४ च्या नव्या कायद्याने ही अट सर्वांसाठीच संपविली.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा पाहावा. तो कोणाला लागू आहे, हे सांगताना वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना समाज, आर्य समाज, बौद्ध, जैन, शीख अशी नावे येतात. रोज पूजा करतोस काय, देव मानतोस काय, असा प्रश्न तो कोणालाच विचारत नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्संगी संप्रदायाच्या खटल्यात निर्णय दिला, तेव्हा सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, हिंदू धर्माचा एक प्रेषित नाही, एक देव नाही, एक सिद्धांत नाही, अशा आशयाचे विवेचन केले आणि लोकमान्य टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला.

संविधान सभेतील एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी हरि विष्णु कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी सूचना मांडली. कामत देशभक्त होते, त्यांचा हेतू शुद्ध होता. पूर्णिमा बॅनर्जी यांनी, ईश्वरावर मतदान करण्याच्या संकटात सभेला टाकू नये, अशी विनवणी केली. हृदयनाथ कुंझरू यांनी ही सूचना उद्देशिकेतील विचारस्वातंत्र्याशी विसंगत ठरेल, असे बजावले. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरोधात हात वर करणाऱ्यांत नित्य संध्या करणारे असतील, गीतापाठ करणारेही असतील. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेऊ नये, हे त्यांना कळत होते. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत. दोन्हींचे वजन सारखे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आपण कोणत्याही धर्माचे नाही असे सांगण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि शासन त्याला धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय दिला, तो याच सूत्राला धरून.

एकच वर्ष, दोन शहरे

तरीही शब्द मारू शकतो. बांगला भाषेतही ‘नास्तिक’ हा शब्द आपल्यासारखाच, संस्कृतातून आलेला आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ढाक्यात शाहबागचे आंदोलन पेटले असता अहमद राजीब हैदर या अनुदिनीकाराची हत्या झाली. त्यानंतर ‘नास्तिक’ लेखकांना मृत्युदंड देणारा कायदा करा, अशी मागणी घेऊन प्रचंड मोर्चे निघाले. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अभिजित राय हे लेखक पुस्तकमेळ्यातून परतत असताना भररस्त्यात मारले गेले, आणि त्या वर्षी अशा हत्यांची मालिकाच लागली. पाणिनीच्या सूत्रातील एक निरुपद्रवी शब्द शेजारच्या देशात कोयत्याची मूठ बनला.

हे वाचून आपण कसे सहिष्णु, असे समाधान मानून घेण्यापूर्वी त्याच वर्षाचे दुसरे शहर आठवावे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या समितीची अधिकृत भूमिका देव आणि धर्म यांविषयी तटस्थ होती. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना तिचा विरोध होता. परंतु तटस्थ हा शब्द कोणाच्या तोंडी बसत नाही, नास्तिक बसतो, आणि तोच त्यांना आयुष्यभर चिकटविण्यात आला. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने या प्रकरणी दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची मुक्तता केली. त्यांच्या भूमिकेशी अनेकांचे तीव्र मतभेद होते, कायद्याच्या मसुद्यावर रास्त आक्षेप होते. ते मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला होता आणि आहे. जाबालींना उत्तर देणाऱ्या श्रीरामांचा वारसा सांगणाऱ्या समाजात गोळी हे उत्तर होऊ शकत नाही, हे मात्र कोणत्याही ‘पण’ अथवा ‘परंतु’शिवाय म्हटले पाहिजे.

शिक्का दोन्ही बाजूंनी

न्याय एकतर्फी नसतो, म्हणून दुसऱ्या बाजूसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. देव न मानणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हातातही शिक्के तयार असतात. पंढरीची वारी करणारा तो भोळसट, उपवास करणारी ती अडाणी, मंदिरात जाणारा तो प्रतिगामी आणि कपाळाला गंध लावणारा तर संशयितच. महिनाभर पायी चालून सावळ्या मूर्तीपुढे क्षणभर उभा राहणारा शेतकरी मनात काय घेऊन परततो, हे समजून घेण्याची तसदी न घेता त्याला ‘अंधभक्त’ म्हणणे, हे आगरकरांची प्रेतयात्रा काढण्याइतकेच आळशीपणाचे आहे. बुद्धिवादाची पहिली अट पुराव्याची आहे. समोरच्या माणसाला न जाणता त्याच्याविषयी निकाल देणारा बुद्धिवादी आपल्याच अटीत नापास होतो.

या बाबतीत वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा आदर्श ध्यानी ठेवण्यासारखा आहे. शास्त्रांत पारंगत असलेला हा पंडित ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहितो, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळतो, जडवादाची मांडणी करतो, आणि त्याच वेळी ‘धर्मकोशा’चे अवाढव्य काम पुढे नेतो, मराठी विश्वकोशाची धुरा वाहतो. धर्मशास्त्रातील प्रत्येक वचन जपून संपादित करणाऱ्या हातांनीच त्याची चिकित्साही केली. त्यांना एकच शिक्का मारावयाचा म्हटले, तर तो कोणता मारणार?

घरातील प्रश्न

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. हा विषय सभेत सोपा असतो, घरात कठीण होतो. गणपतीची आरती चालू आहे आणि महाविद्यालयात जाणारा मुलगा हात जोडून उभा राहत नाही. मुलगी सांगते की, लग्न नोंदणी पद्धतीने करावयाचे आहे, होम नको. वडील गेले आणि धाकटा भाऊ म्हणतो की, दहाव्या-तेराव्याऐवजी ते पैसे एखाद्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाला देऊ. अशा वेळी आईच्या पोटात जे तुटते ते खोटे नसते. तिच्या दृष्टीने प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसून नात्याचा असतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ओंजळ आपल्या हातून सांडते की काय, हा असतो.

या प्रसंगी ‘नास्तिक’ हा शब्द घरात उच्चारू नये. तो उच्चारला की मुलाला दोनच वाटा उरतात. एक ढोंगाची, तो आरतीला उभा राहील, टाळ्या वाजवील आणि मनाने घराबाहेर जाईल. दुसरी बंडाची, तो शिक्का अभिमानाने मिरवील आणि जे त्याने अद्याप नाकारलेही नव्हते, तेही नाकारून बसेल. दोन्ही वाटांनी आईबाप मुलाला मुकतात. त्याऐवजी त्याला विचारावे की, तू नक्की काय मानत नाहीस? देव, विधी, की त्या विधीतला भटजींचा आणि आपला व्यवहार? पुष्कळदा असे आढळेल की, त्याचा आक्षेप देवावर नसून आपल्या वागण्यावर आहे. पहाटे पूजा करणारे वडील दुपारी कचेरीत काय करतात, हे मुलांना दिसत असते.

आणि त्याचा आक्षेप खरोखरच देवावर असेल, तर? तर त्यालाही काही मागण्याचा अधिकार घराला आहे. आजीच्या देव्हाऱ्याची चेष्टा करू नये. प्रसाद आईच्या हातचा आहे म्हणून घ्यावा. आरतीला हात जोडले नाहीत तरी चालतील. आरतीच्या वेळी आजोबांना आधार देऊन उभे करणारा हात मात्र त्याचा असावा. देवाचे भय नसलेल्या माणसाच्या वर्तनाची हमी कोण देणार, हा समाजाचा जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर वादविवादाने देता येत नाही. आगरकरांनी ते जगून दिले, गोरांनी दिले. ते प्रत्येक नव्या नास्तिकाला आपापल्या घरी नव्याने द्यावे लागेल. तसे श्रद्धावानाची श्रद्धा त्याला अधिक भला माणूस करते की नाही, याचे उत्तरही प्रत्येक श्रद्धावानाला द्यावे लागते.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून नव्या जनगणनेची घोषणा २०२५ मध्ये झाली. प्रगणक दारात उभा राहील, धर्म विचारील, जातही विचारील. घरातील कोणी तरुण त्या रकान्यापुढे थबकला, तर त्याच्या वतीने उत्तर देण्याची घाई वडिलांनी करू नये. क्षणभर थांबावे आणि त्यालाच विचारावे. त्याने जे सांगितले ते ऐकून घेतल्यानंतरही तो त्याच घरात, त्याच पंगतीला, त्याच नावाने बसणार आहे, एवढी खात्री त्याला आईवडिलांच्या चेहऱ्यावर दिसली म्हणजे पुरे.